५.८६ की ६.८३? आधी गिअरबॉक्सशी गुणून बघा

मानखुर्दहून एका ताईंचं पत्र आलंय. वडिलांचे दोन ट्रेलर कळंबोलीला उभे असतात, वडिलांचे गुडघे गेलेत म्हणून आता धंदा ताईच बघतात. एक जुनी गाडी विकून नवीन घ्यायचीय, ५५ टन पासिंगची, बावीस टायरी, पुढे दहा टायरचा हॉर्स, म्हणजे ओढणारी गाडी, आणि मागे ट्रायएक्सल, म्हणजे तीन एक्सलचा ट्रेलर. काम म्हणजे जास्त करून कळंबोली ते चाकण स्टीलचे कॉइल, परतीला बहुतेक वेळा रिकामी, आणि मधेमधे न्हावा शेवाहून कंटेनर उचलून भिवंडी नाहीतर घोडबंदरवरून वसई. ताई लिहितात, "डीलर म्हणतो ५.८६ चा क्राऊन घ्या, ॲव्हरेज मिळेल. आमचे ड्रायव्हर काका पप्पांच्या वेळेपासून आहेत, ते म्हणतात ६.८३ च घे पोरी, नाहीतर खंडाळ्याला गाडी उभी राहील आणि क्लच प्लेट जळाली तर माझ्या नावाने ओरडू नकोस. पप्पा म्हणतात काकांचं ऐक. मला दोघांचंही पटतं आणि हप्ता माझ्या नावावर आहे. इंजिनचा टॉर्क १,१०० न्यूटन मीटर लिहिलाय, नऊ गिअर आहेत, ब्रोशरच्या पानाचा फोटो सोबत जोडलाय. दादा, नक्की काय घेऊ?"

ताई, उत्तर आधी देतो, म्हणजे डीलरचा फोन आला तर अडकायला नको. तुमच्या गाडीला, तुमच्या या गिअरबॉक्ससोबत, ५.८६ घ्या. पण काका म्हणतायत त्यात एक गोष्ट शंभर टक्के खरी आहे आणि ती सोडून दिली तर ५.८६ तुम्हाला खरंच महागात पडेल, म्हणून पुढचं सगळं नीट वाचा आणि जमलं तर काकांना पण वाचून दाखवा.

हा आकडा म्हणजे मागच्या एक्सलचा रेशो, म्हणजे काय तर चाकाचा एक फेरा व्हायला जॉइंटचे, गिअरबॉक्सपासून एक्सलला जाणाऱ्या दांड्याचे, किती फेरे लागतात ते. एक्सलच्या मधल्या डब्यात, म्हणजे हौसिंगमध्ये, मोठा क्राऊन आणि त्याला फिरवणारा छोटा पिनियन, क्राऊनचे दाते भागिले पिनियनचे दाते, ४१ ला ७ ने भागा की ५.८६ येतं आणि ६ ने भागा की ६.८३, बस इतकंच. आकडा मोठा तर चाकावर ओढ जास्त पण त्याच स्पीडला इंजिन जास्त फिरणार, आकडा लहान तर उलट. दोन आकड्यांत फरक साधारण १७ टक्क्यांचा. हा १७ टक्के लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता खरी गोम अशी आहे की रेशो एकटा बघून काहीच कळत नाही, आणि आपल्या लाईनमध्ये सगळे तेच करतात, चहाच्या टपरीवर उभे राहून "अमक्याने ६.८३ घेतला, मस्त ओढते" म्हणून मोकळे. अरे पण त्याचा बॉक्स कोणता, इंजिन कोणतं, टायर कोणते? इंजिनचा टॉर्क, म्हणजे फिरवायची ताकद, आधी गिअरबॉक्समधून जातो आणि मग क्राऊनमधून, म्हणजे दोन्हीचा गुणाकार चाकावर पोचतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोत पहिला गिअर ९.४८ आहे, आठवा १.०० आणि नववा ०.७५, म्हणजे टॉपला ओव्हरड्राइव्ह आहे, जॉइंट इंजिनपेक्षा जास्त फिरतो. तर दोनच गुणाकार करायचे, पहिल्या गिअरचा आणि शेवटच्या गिअरचा. पहिला: ५.८६ ला ५५ च्या थोडा वर, ६.८३ ला ६५ च्या थोडा खाली. शेवटचा: ५.८६ ला ४.४ आणि ६.८३ ला ५.१. पहिला गुणाकार सांगतो गाडी जागेवरून उचलेल का, शेवटचा सांगतो सपाट रस्त्यावर डिझेल किती पिणार. कुठलीही दोन मॉडेल समोर आली तरी हेच दोन आकडे काढून शेजारीशेजारी ठेवा, सेल्समन काय बोलतोय त्याच्या आधी.

उचलण्याचं बघू. आपल्याकडे डोंगरात रस्ता आखताना सर्वसाधारण चढ २० ला १ धरतात, अगदीच नाईलाज असेल तर १४ ला १ पर्यंत जातात. ५५ टन २० ला १ च्या चढावर उभे आहेत म्हणजे पावणेतीन टन मागे ओढतायत, त्यात टायर फिरवायला लागणारा अर्धा टन धरा, झाले सव्वातीन टन. आता क्लच सोडताना इंजिन पूर्ण टॉर्क देत नाही म्हणून ११०० च्या जागी ७५० च धरू, गिअर ऑइलमध्ये जाणारे १० टक्के वजा करू, तरी पहिल्या गिअरला ५.८६ वर चाकावर साडेसात टन ओढ येते. सव्वातीन हवेत आणि साडेसात मिळतायत. ६.८३ ला पावणेनऊच्या आसपास येते. म्हणजे घाटात ट्रॅफिकमध्ये उभी राहिली आणि परत उचलायची वेळ आली तर दोन्ही उचलतात, आणि नुसत्या उचलत नाहीत तर भरपूर शिल्लक ठेवून उचलतात. ५.८६ वर हिशोबाने ८ ला १ चा चढ सुद्धा उचलेल, तसा चढ हायवेवर कुणी आखत नाही, एखाद्या गोडाऊनच्या रॅम्पवर सापडेल फारतर, आणि तिथे पूर्ण भरलेली गाडी उभी करायची नसतेच.

मग काका घाबरतात का? कारण काकांनी ज्या गाड्या चालवल्या त्यांचं इंजिन जवळपास निम्म्या टॉर्कचं होतं आणि बॉक्स पाच-सहा गिअरचा. वरच्या हिशोबात टॉर्क निम्मा करा आणि पहिला गिअर सातच्या आसपास धरा, मग बघा काय शिल्लक राहतं, त्या गाड्यांना ६.८३ नसता तर खरंच खंडाळ्याला पाचर लावून उभं राहावं लागलं असतं. काकांचा अनुभव खोटा नाहीये, तो दुसऱ्या गाडीचा आहे. त्यांना तसंच सांगा, "काका तुम्ही चुकताय" असं नको.

आता घाटातल्या स्पीडचं, कारण "६.८३ घाटात पळते" हे तुम्हाला शंभर जण सांगतील. ताई, चढावर स्पीड क्राऊन देत नाही, इंजिनची पॉवर देते. सव्वातीन टन सतत ओढत वर जायचंय, इंजिन १,४०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला इतक्या फेऱ्यांवर, टॉर्कमध्ये ठेवलं तर ताशी १६ किलोमीटरच्या आसपास मिळतील, पिळून वर नेलं तर वीस-बावीस, आणि हे दोन्ही रेशोला सारखंच आहे. फरक फक्त एवढाच पडतो की तोच स्पीड कोणत्या गिअरला मिळतोय. होतं काय, एखाद्या विशिष्ट चढावर ५.८६ वाल्याला चौथ्यात उतरावं लागतं आणि ६.८३ वाला पाचव्यात निभावतो, मग तो पुढे दिसतो आणि सगळे म्हणतात बघ कशी ओढते. पुढच्या वळणावर चढ बदलला की ६.८३ वाला अशा जागी अडकतो की हा गिअर लहान पडतो आणि तो मोठा. तुमच्या बॉक्समध्ये एका गिअरहून दुसऱ्यात जाताना तीस-चाळीस टक्के फरक पडतो आणि रेशोचा फरक १७ टक्के, म्हणजे अर्ध्या गिअरएवढा. अर्ध्या गिअरसाठी घरात भांडण नको.

खोपोलीहून लोणावळ्याला चढताना गाडी साधारण साडेपाचशे मीटर वर जाते. ५५ टन साडेपाचशे मीटर वर उचलायला वीस-पंचवीस लिटर डिझेल जाणारच, क्राऊन कुठलाही बसवा. ते डिझेल घाटाचं आहे, त्याच्यावर कुणाचा इलाज नाही. पण कळंबोली ते खोपोली सपाट, पुढे लोणावळा ते चाकण बऱ्यापैकी सपाट, आणि परतीला सगळा रस्ता रिकामी गाडी, या बाकीच्या किलोमीटरवर मात्र रेशो रोज बोलतो. २० इंची टायर एका फेऱ्यात साधारण ३.२ मीटर जातो असं धरलं तर टॉपला ६० च्या स्पीडला ५.८६ वर इंजिन १,३७० च्या आसपास फिरतं आणि ६.८३ वर १,६०० ला. ८० ला ते १,८३० आणि २,१३०. स्पीड गव्हर्नर ८० च्या पुढे जाऊच देत नाही, त्यामुळे त्यापुढचा विचार सोडा. ब्रोशरमध्ये तुमच्या इंजिनचा पूर्ण टॉर्क ११०० ते १७०० आरपीएममध्ये दाखवलाय, ६० ला १,३७० म्हणजे बरोब्बर मधोमध, खाली पडायला जागा आणि वर चढायला पण जागा. ६.८३ घेतला तर रिकामी गाडी घेऊन परत येताना इंजिन विनाकारण सहाव्या भागाने जास्त फिरत बसणार, ओढायला काही नाही आणि डिझेल जातंय. डीलरचं म्हणणं इथे बरोबर आहे.

आता काकांची खरी गोष्ट, क्लच.

घाट वर्षभर क्लच खात नाही ताई, जाम खातो. जेएनपीटीच्या, म्हणजे न्हावा शेवा बंदराच्या रांगेत, कळंबोली सर्कलला, आणि सगळ्यात वाईट म्हणजे घोडबंदरला गायमुखच्या चढावर, जिथे पुढची गाडी चार फूट सरकते आणि आपणही चार फूट सरकतो, परत थांबतो, परत उचलतो. प्रत्येक उचलण्याला प्लेट घासते आणि गरम होते. ही गर्मी क्लच पूर्ण बसेपर्यंत गाडीला किती स्पीडपर्यंत न्यावं लागतं त्यावर असते, आणि ती स्पीडच्या वर्गाने वाढते. म्हणून ६.८३ ला प्रत्येक उचलीला क्लच ढोबळ हिशोबाने पाव भाग कमी तापतो. काका हेच सांगतायत, त्यांच्या पायाला कळलेलं आहे ते, हिशोब न करता.

पण हाच हिशोब दुसऱ्या बाजूने करा. भरलेली गाडी पहिल्याच्या जागी दुसऱ्या गिअरला उचलली तर? तुमच्या बॉक्सचा दुसरा ६.५८ आहे, पहिला ९.४८, तोच वर्ग केला तर दुसऱ्यात उचलताना क्लच दुपटीपेक्षा थोडा जास्तच तापतो. रेशोने वाचतो पाव भाग आणि सवयीने जातो दुप्पट! आणि पहिला गिअर "क्रॉलर आहे, तो कशाला" म्हणून न वापरणारे ड्रायव्हर मी ढिगाने बघितलेत, भरलेली गाडी दुसऱ्यात काय तिसऱ्यात उचलतात, नवीन गाडी आहे दम आहे म्हणून उचलते पण, आणि मग प्लेट जळाली की नाव क्राऊनचं. तेव्हा ५.८६ घेताना काकांशी, आणि काकांपेक्षा जास्त त्या दुसऱ्या गाडीवरच्या तरुण ड्रायव्हरशी, हे पक्कं ठरवून घ्या: भरलेली गाडी पहिल्यातच उचलायची, चढ असो की सपाट, चार फूट सरकायचं असलं तरी. चढावर थांबलात तर गाडी हाफ क्लचवर धरून ठेवायची नाही, हँडब्रेक लावायचा. आणि जाममध्ये पुढे थोडी जागा पडू द्यायची, रिक्षावाले घुसतील, घुसू देत, दहा वेळा चार फुटांऐवजी दोन वेळा वीस फूट गेलेलं क्लचला परवडतं.

रिकामी असताना मात्र दुसऱ्या-तिसऱ्यात उचलली तरी चालतं, त्यात काही नाही.

उताराचं तुम्ही विचारलं नाहीये पण मी सांगणार. पुण्याकडून खाली येताना गिअर काढून न्यूट्रलमध्ये गाडी सोडायची, डिझेल वाचवायला, हा प्रकार अजून चालतो आणि बोरघाटातल्या कितीतरी अपघातांच्या मागे हेच असतं. न्यूट्रलमध्ये एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनचा धूर अडवून गाडी हळू करणारा ब्रेक, काम करत नाही, सगळं वजन चाकांच्या ब्रेक लायनरवर येतं, लायनर तापले की ब्रेक दाबून पण गाडी थांबत नाही, आणि तेव्हा गिअर टाकायला गेलात तर त्या स्पीडला पडत नाही. यात डिझेल पण वाचत नाही! आताच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनला गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की डिझेल पूर्ण बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन आयडलिंगला चालू ठेवायला डिझेल लागतं. म्हणजे जीव पण धोक्यात आणि वर डिझेल पण जास्त. कुणी म्हणेल ६.८३ ला इंजिन ब्रेकिंग जास्त मिळतं, हो मिळतं, त्याच गिअरला १७ टक्के जास्त, पण एक गिअर खाली उतरलात की तीस-चाळीस टक्के जास्त मिळतं आणि ते फुकट आहे. उतार सुरू व्हायच्या आधी गिअर खाली घ्यायचा, ज्या गिअरला हा घाट भरलेली गाडी घेऊन चढला असतात साधारण त्याच गिअरला उतरायचं, एक्झॉस्ट ब्रेक चालू, आणि फूटब्रेक अधूनमधून घट्ट दाबून सोडायचा, पाय ठेवून बसायचं नाही. ताई, हे काकांकडून वदवून घ्या आणि दुसऱ्या ड्रायव्हरकडून तर नक्कीच, भाडं थोडं उशिरा पोचलं तरी चालेल.

माझं उत्तर कधी बदलेल ते पण सांगतो. बॉक्स डायरेक्ट टॉपचा असता, म्हणजे शेवटचा गिअर १.०० आणि पहिला १२ च्या पुढे, तर ५.८६ सुद्धा जास्त झाला असता, तिथे ४.४ च्या आसपासचा क्राऊन हेच काम करतो, त्यामुळे कुणी "माझ्या ५५ टनीला ४.४ आहे आणि ओढते" म्हणाला तर तो खोटं बोलत नाहीये, गुणाकार करून बघा, सारखाच येतो. काम बदललं, म्हणजे ओडीसी, ठरलेल्या मापापेक्षा मोठा माल, मोठी ट्रान्सफॉर्मरं वगैरे, किंवा खाणीत कच्च्या रस्त्यावर जायचं, तर ६.८३ काय हब रिडक्शनचा, म्हणजे चाकाच्या हबमध्येच आणखी गिअर असलेल्या एक्सलचा, विचार करा, ते वेगळंच प्रकरण आहे. आणि वर्षभर गाडी फक्त बंदर ते गायमुख ते वसई करणार असेल, चाकण नाहीच, तर मी पण काकांच्या बाजूने ६.८३ म्हणेन, तिथे ६० च्या स्पीडला टॉप गिअर लागतोच कधी.

पण एक कारण मी ऐकणार नाही, आणि ते म्हणजे "कधी पासष्ट-सत्तर टन टाकले तर". पत्रात तुम्ही असं लिहिलेलं नाही, पण भाडं देणारे तुम्हाला म्हणतील. २०१८ ला एक्सल लोड वाढवून मिळाला, पुढचा ७, हॉर्सच्या मागच्या दोन एक्सलचे २१, ट्रेलरच्या तिघांचे २७, मिळून हे ५५ झाले, आधी ४९ होते. ब्रेक, हब, टायर सगळं त्या ५५ ला बघून दिलेलं असतं. क्राऊन मोठा टाकून सत्तर टन चढेल हो, उतरणार कसे? शिवाय कायद्यात २०१९ नंतर ओव्हरलोडला वीस हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार, आणि जादा माल तिथेच उतरवायचा, म्हणजे त्या ट्रिपचा नफा सगळा गेला.

जुनी गाडी विकायच्या ऐवजी तिचाच क्राऊन बदलू का असं कुणी सुचवलं तर नको. दहा टायरच्या हॉर्सला मागे दोन हौसिंग असतात आणि दोन्हीचा रेशो एकच लागतो, एकात ५.८६ आणि एकात ६.८३ अशी गाडी लॉक मारून, म्हणजे दोन्ही एक्सल एकत्र बांधून, चालवली तर दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडून काहीतरी तुटणार. म्हणजे खर्च डबल. क्राऊन आणि पिनियन नेहमी जोडीनेच बदलायचे, एक नवा एक जुना असं चालत नाही, आणि बसवताना दात्यांना रंग लावून कुठे घासतायत ते बघावं लागतं, ते करणारा मिस्त्री हल्ली पटकन मिळत नाही. टायरचं पण तसंच, चारी ड्राइव्ह जागांवर एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले टायर ठेवा.

आता डीलरकडे जाल तेव्हा. आधी भरलेली डेमो गाडी मागा, रिकामी नको, आणि काकांना चालवायला बसवा, चढावर थांबवून पहिल्यात उचलू दे त्यांना, त्यांच्या पायाला पटलं की घरातला वाद संपला. मग ऑर्डर फॉर्मवर रेशोचा आकडा पेनाने लिहून घ्या आणि सही घ्या, नुसतं मॉडेलचं नाव पुरत नाही, एकाच मॉडेलमध्ये दोन्ही येतात. डिलिव्हरीच्या दिवशी पासिंगला पाठवायच्या आधी मोकळ्या रस्त्यावर आठव्या गिअरला, म्हणजे १.०० वाल्याला, स्पीड ४० वर धरा आणि टॅकोमीटर, म्हणजे आरपीएमचा काटा, बघा. १,२०० च्या आसपास दाखवला तर ५.८६ आहे. १,४०० दाखवला तर ६.८३ बसवलाय, गाडी ताब्यात घेऊ नका.